अर्थशास्त्र घेऊन पदवी झाली, आता पुढे काय?

तिसऱ्या वर्षाचा निकाल लागला की महाराष्ट्रातल्या हजारो घरांत हा प्रश्न निघतो आणि सल्लेही ठरलेले असतात. बँकेच्या परीक्षा दे, एमपीएससी कर, नाहीतर बी.एड. करून टाक. हे सल्ले चुकीचे नाहीत. पण इतिहास किंवा मराठी घेऊन बी.ए. झालेल्या मुलालाही ते जसेच्या तसे देता येतात. अर्थशास्त्र शिकल्यामुळे जे करता येतं, त्याचा त्यांत पत्ताच नसतो. तीन वर्षं मुलगी मागणी-पुरवठा, राष्ट्रीय उत्पन्न, राजस्व आणि आंतरराष्ट्रीय व्यापार शिकते, आणि निकालाच्या दिवशी त्या विषयाचा आणि तिच्या पोटापाण्याचा काही संबंध आहे हेच कोणी तिला सांगत नाही. मला हे फार खटकतं. कारण संबंध आहे, आणि चांगला घट्ट आहे.

तो दिसत नाही याचं मोठं कारण म्हणजे आपल्याकडे अर्थशास्त्राच्या पदव्या दोन आहेत आणि दोन्ही एकाच नावाने ओळखल्या जातात. एक पदवी पुण्या-मुंबईच्या मोजक्या संस्थांत मिळते. तिथे पहिल्या सत्रापासून कॅल्क्युलस, संख्याशास्त्र आणि पुढे अर्थमिती असते, मुलं संगणकावर खरी आकडेवारी हाताळतात. दुसरी पदवी तालुक्याच्या कला महाविद्यालयात मिळते. तिथे गणित दहावीनंतर सुटलेलं असतं, अभ्यास व्याख्या, गुणदोष आणि टीपा लिहा या वळणाने जातो आणि परीक्षाही तेच विचारते. नोकरी देणारा मात्र या दोघांना एकाच रांगेत उभं करतो. म्हणून पुढच्या वाटांचा आढावा घेताना प्रत्येक ठिकाणी एक गोष्ट पाहावी लागते: इथे किती गणित लागतं, आणि ते आता, पदवीनंतर, भरून काढता येईल का?

पदव्युत्तर शिक्षणाच्या दारातच याचा अनुभव येतो. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 सालची. मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग त्याहून जुना. गोरेगावला रिझर्व्ह बँकेने 1987 मध्ये स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, कोलकाता आणि दिल्लीची भारतीय सांख्यिकी संस्था आहे. 2021 पासून आयआयटींच्या ‘जॅम’ परीक्षेतही अर्थशास्त्राचा पेपर आला. या सगळ्यांच्या प्रवेशात गणिताला वजन आहे. सांख्यिकी संस्थेच्या प्रवेशपरीक्षेतल्या दोन पेपरांपैकी एक तर निव्वळ गणिताचाच असतो. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हे वाचून धडकी भरते आणि तो फॉर्मच भरत नाही. पण लागणारं गणित अफाट नाही. अकरावी-बारावीच्या विज्ञान शाखेचं कॅल्क्युलस, मॅट्रिक्स, संभाव्यता आणि त्यावर पदवीच्या पहिल्या वर्षाचं संख्याशास्त्र, एवढं नीट झालं तर या परीक्षांना बसण्याइतकी तयारी होते. त्याला एक वर्ष नेटाने द्यावं लागतं. बालभारतीची बारावीची गणिताची पुस्तकं मराठीतही मिळतात. जे वर्ष मुलं पदवीनंतर ‘काय करावं’ या विचारात घालवतात, ते इथे लावलं तर पुढच्या पाच वाटा मोकळ्या होतात.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे एक सोय झाली आहे, तिचा उपयोग अजून फारसा होत नाही. मुख्य विषय अर्थशास्त्र ठेवून गौण विषय म्हणून गणित किंवा संख्याशास्त्र घेता येतं, कॉलेजने तो देऊ केला असेल तर. चौथं ऑनर्सचं वर्ष करून 75 टक्के मिळवले, तर एम.ए.शिवाय थेट पीएच.डी.च्या प्रवेशालाही पात्र होता येतं. मला वाटतं, महाविद्यालयांनी प्रवेशाच्या वेळीच हे मुलांना सांगायला हवं. गौण विषय निवडताना सोपा कोणता एवढंच पाहिलं, तर त्याची किंमत तीन वर्षांनी मोजावी लागते.

आता सरकारी अर्थतज्ज्ञाच्या नोकऱ्या. इथे विषयाची पदवी खरोखर अट म्हणून लागते. भारतीय आर्थिक सेवा 1961 मध्ये स्थापन झाली. तिची परीक्षा यूपीएससी घेते, वयाची खुल्या गटाची मर्यादा 21 ते 30, आणि पात्रता अर्थशास्त्रातली किंवा त्याच्या निकटच्या विषयातली पदव्युत्तर पदवी. सामान्य अर्थशास्त्राचे तीन पेपर, भारतीय अर्थव्यवस्थेचा एक, शिवाय इंग्रजी आणि सामान्य अध्ययन. निवड झालेल्यांचं प्रशिक्षण दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ इकॉनॉमिक ग्रोथमध्ये होतं आणि मग अर्थ, कृषी, वाणिज्य, कामगार अशा मंत्रालयांत नेमणुका होतात. जागा थोड्या, अलीकडे बऱ्याच वर्षी पंधरा-वीसच्या आसपास. पण नागरी सेवेच्या मानाने बसणारेही कमी, कारण पदव्युत्तर पदवीची अट बहुतेकांना बाहेर ठेवते. मराठी मुलं या परीक्षेकडे जवळपास वळतच नाहीत. एम.ए.चा अभ्यास आणि या परीक्षेचा अभ्यास यांचा बराच भाग एकच आहे, म्हणून हे दुर्लक्ष अधिकच वाईट वाटतं.

रिझर्व्ह बँकेच्या ‘ग्रेड बी’ अधिकारी भरतीचे प्रवाह वेगळे आहेत, ते नीट समजून घ्यायला हवेत. सर्वसाधारण प्रवाहाला 60 टक्क्यांसह कोणतीही पदवी चालते (राखीव गटांना सवलत आहे), आणि दुसऱ्या टप्प्यात आर्थिक-सामाजिक प्रश्नांवर एक पूर्ण पेपर असतो. अर्थशास्त्राच्या पदवीधराचा पाया इथे उपयोगी पडतो. दुसरा प्रवाह आर्थिक आणि धोरण संशोधन विभागाचा, त्याला अर्थशास्त्रातली किंवा तत्सम पदव्युत्तर पदवी लागते. राज्यांच्या अर्थसंकल्पांचा दरवर्षीचा अभ्यास याच विभागातून येतो, आणि महागाई 4 टक्क्यांच्या आसपास ठेवण्याच्या उद्दिष्टासाठी पतधोरण समितीसमोर जी सामग्री जाते, तिच्या तयारीतही या विभागाचा मोठा वाटा असतो. नरेंद्र जाधव तीन दशकं रिझर्व्ह बँकेत होते. तिथे मुख्य अर्थतज्ज्ञाच्या पदापर्यंत पोचले, मग पुणे विद्यापीठाचे कुलगुरू आणि नियोजन आयोगाचे सदस्य झाले. वडाळ्याच्या वस्तीत वाढलेल्या मुलाची ही वाटचाल आजच्या मुलांना नुसती कौतुकाची गोष्ट म्हणून सांगू नये. ती नोकरी आजही आहे आणि तिची जाहिरात निघते, हेही त्याबरोबर सांगावं.

नाबार्डच्या अधिकारी परीक्षेत शेती आणि ग्रामीण विकासाचा स्वतंत्र भाग असतो. पीककर्ज आणि विकास सोसायटी घरात पाहिलेल्या मुलाला तो परका वाटत नाही. सेबीच्या सर्वसाधारण प्रवाहाला मात्र नुसती बी.ए. पुरत नाही.

राज्य पातळीवरचं एक कार्यालय फारसं कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. ते म्हणजे अर्थ व सांख्यिकी संचालनालय, नियोजन विभागाच्या अखत्यारीतलं. अर्थसंकल्पाच्या आधी विधिमंडळात ठेवली जाणारी ‘महाराष्ट्राची आर्थिक पाहणी’ हे संचालनालय तयार करतं. प्रत्येक जिल्ह्यात त्याचं कार्यालय आहे आणि ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ तिथूनच निघतं. अन्वेषक, सांख्यिकी सहायक, संशोधन सहायक अशी पदं इथे असतात आणि त्यांच्या पात्रतेत अर्थशास्त्राला जागा असते. राष्ट्रीय नमुना पाहणीत राज्याचा स्वतंत्र नमुना असतो, त्याचं कामही हेच लोक करतात.

या कामात अर्थशास्त्र कुठे येतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. श्रमशक्ती पाहणीची प्रश्नावली घेऊन अन्वेषक गावातल्या एका घरी जातो. घरधनी सांगतो, मी शेती करतो. बायको काय करते? “घरीच असते.” हे उत्तर लिहून पुढे गेलं तर तिच्या नावापुढे 92 हा संकेतांक पडतो, म्हणजे फक्त घरकाम. ती श्रमशक्तीच्या बाहेर गेली. पण अन्वेषकाने शांतपणे विचारलं, सकाळी धारा कोण काढतं, डेअरीला दूध कोण घालतं, गेल्या आठवड्यात खुरपणीला शेतात कोण होतं, तर चित्र पालटतं. ती घरच्या शेतात आणि गोठ्यात बिनपगारी काम करते, तिचा संकेतांक 21, आणि ती कामगार म्हणून मोजली जाते. दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेली असेल तर 51. भारतातल्या स्त्रियांचा श्रमसहभाग वाढला की घटला यावर दिल्लीत जो वाद होतो, तो शेवटी या ओट्यावरच्या पाच मिनिटांवर उभा असतो. ज्याने वर्गात ‘प्रच्छन्न बेकारी’ पाठ केली आहे, त्याला ती ओट्यावर ओळखता आली पाहिजे. ही पाहणी 2017 मध्ये सुरू झाली आणि 2025 पासून तिचे आकडे दर महिन्याला येऊ लागले. क्षेत्रावर जाणाऱ्या माणसांची गरज कमी होणारी नाही. यातलं बरंच काम कंत्राटावर दिलं जातं, ही मात्र खरी तक्रार आहे. देशाचे आकडे ज्यांच्या बारकाईवर अवलंबून आहेत, त्यांना वर्षावर्षाच्या करारावर ठेवणं हे आकड्यांच्याही हिताचं नाही.

स्पर्धा परीक्षांबद्दल इतकं लिहिलं-बोललं जातं की इथे थोडक्यात सांगतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक झाली आणि वैकल्पिक विषयाचे दोन पेपर आले. त्यामुळे अर्थशास्त्राचा पदवीधर आपला विषय घेऊन उतरू शकतो. पण पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांत वयाची तिशी गाठलेली, हातात दुसरं काहीच नसलेली मुलं मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांच्याविषयी मला मनापासून काळजी वाटते. राज्यसेवेचा नाद सोडा असं मी म्हणणार नाही. अभ्यासाबरोबर एम.ए. पूर्ण करा, आर्थिक सेवा, रिझर्व्ह बँक, नाबार्ड यांचे अर्ज भरा, सांख्यिकीच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. अभ्यासक्रमाचा मोठा भाग सामाईक आहे, त्यामुळे तोच अभ्यास चार ठिकाणी कामी येतो.

खासगी क्षेत्राचं चित्र शहरी आहे, आणि ते मुख्यतः मुंबई-पुण्याचं आहे. पतमानांकन करणाऱ्या क्रिसिलसारख्या कंपन्या, बँकांचे संशोधन विभाग, म्युच्युअल फंड, विमा, बाजार संशोधन, परदेशी बँकांची पुण्यातली विश्लेषण केंद्रं. 1976 पासून मुंबईत असलेली सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमी कंपन्यांची आणि कुटुंबांची आकडेवारी गोळा करते. या ठिकाणी मुलाखतीत एक्सेल येतं का, आर किंवा पायथन येतं का, रिग्रेशनचा निकाल वाचता येतो का, एवढं पाहतात. ‘उपभोक्त्याचं संतोषाधिक्य म्हणजे काय’ हे फारसं कोणी विचारत नाही. विम्यातला ॲक्चुअरीचा व्यवसाय गणितात पक्क्या असलेल्यांसाठी उत्तम. प्रवेशपरीक्षेनंतर एकेक पेपर नोकरी करत देता येतो, पण वर्षं लागतात आणि मधेच सोडणारे पुष्कळ.

अध्यापनाबद्दल लिहिताना मन कचरतं. कागदावर ही वाट सुरेख आहे. एम.ए.ला 55 टक्के, नेट किंवा पुणे विद्यापीठ महाराष्ट्र-गोव्यासाठी घेतं ती सेट, आणि सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन सातव्या आयोगानुसार 57,700 रुपयांपासून सुरू. प्रत्यक्षात नेट, सेट आणि पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवताहेत. शिकवलेल्या तासाचं मानधन, तेही महिनोन् महिने उशिरा, आणि सुट्टीत काहीच नाही. एकाच वेळी दोन-तीन कॉलेजांत धावणारे शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. या विषयाची पुढची पिढी त्यांच्या हातात आहे आणि त्यांनाच उद्याची खात्री नाही. प्राध्यापक व्हायचंच असेल तर जरूर व्हावं, पण पूर्णवेळ पद मिळेपर्यंत पोट कशावर चालणार याचं उत्तर आधी ठरवूनच. कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए.ला बी.एड.ची जोड लागते, आणि तिथेही भरती रेंगाळते.

संशोधन आणि विकासाच्या क्षेत्रात गेल्या वीस वर्षांत नवं काम उभं राहिलं. 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल ज्या कामासाठी मिळालं, ते गावोगावच्या शाळांत, दवाखान्यांत आणि घरांत केलेल्या प्रयोगांचं होतं. त्याचे एक मानकरी अभिजित बॅनर्जी मुंबईत जन्मले. त्यांच्या आई निर्मला बॅनर्जी या माहेरच्या पाटणकर आणि स्वतः अर्थतज्ज्ञ, स्त्रियांच्या कामाचा अभ्यास करणाऱ्या. बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या जे-पालसारख्या संस्थांना, तसंच अनेक विद्यापीठांच्या प्रकल्पांना संशोधन सहायक आणि क्षेत्र व्यवस्थापक लागतात. या कामात बोलीचा फायदा फार मोठा असतो. वऱ्हाडी किंवा अहिराणी बोलणारा मुलगा गावात जे उत्तर मिळवतो, ते दिल्लीहून आलेल्याला मिळत नाही. वर्ष-दोन वर्षांचा हा अनुभव परदेशातल्या पीएच.डी.च्या अर्जातही मोलाचा ठरतो. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत पीएच.डी.चं शुल्क माफ होऊन विद्यावेतनही मिळतं, हे अनेक घरांना माहीत नसतं आणि खर्चाच्या भीतीने विषयच सोडून दिला जातो. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. बाबासाहेब आंबेडकर कोलंबियाला आणि लंडनला अर्थशास्त्रच शिकले, मधल्या काळात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ 1923 चा आहे. त्यांचा फोटो ज्या महाविद्यालयांत लावलेला असतो, त्यांतल्या किती अर्थशास्त्र विभागांत तो ग्रंथ उघडला जातो?

शेवटी त्या वाटेकडे येतो, जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे, कारण ती तालुक्यातच आहे. धनंजयराव गाडगीळ गोखले संस्थेचे पहिले संचालक. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी त्यांनी करवून घेतली, आणि 1950 च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हा त्याचे ते अध्यक्ष होते. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. प्रवरेचा कारखाना आणि दिल्लीचा आयोग त्यांच्या दृष्टीने एकाच विषयाचे दोन भाग होते. आज सहकारात अर्थशास्त्राचा पदवीधर शोधावा लागतो, याचं मला आश्चर्य वाटतं.

इथली रीतसर वाट म्हणजे सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा. पदवीधराला ती देता येते. सहकार कायदा, हिशेब, लेखापरीक्षण हे तिचे विषय. ती उत्तीर्ण होऊन ठरावीक अनुभव घेतला की सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षकांच्या नामतालिकेवर येता येतं. गृहनिर्माण संस्था, पतसंस्था, विकास सोसायट्या, दूध संस्था यांची राज्यातली संख्या लक्षात घेतली, तर काम संपणारं नाही. विकास सोसायट्यांचे व्यवहार आता संगणकावर जात आहेत. सचिवाच्या खतावणीतलं थकीत कर्ज संगणकात चढवताना ते नेमकं कोणत्या वर्गात बसतं, हे समजणारा माणूस तालुक्यात हवा आहे.

शेतकरी उत्पादक कंपन्यांचीही तीच गरज. नाशिकच्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स आज मोठी झाली. लहान कंपन्यांत मात्र बाजारभाव कोणी नोंदवायचा, साठवण करावी की आज विकावं हे कशावरून ठरवायचं, खेळतं भांडवल कुठून आणायचं, याला पूर्णवेळ माणूस नसतो. लासलगावच्या कांद्याची आवक आणि भाव रोज जाहीर होतात. दहा वर्षांचे ते आकडे मांडून हंगामी चढउतार काढणं हे एम.ए.च्या पहिल्या वर्षाच्या मुलाला जमणारं काम आहे, आणि कंपनीच्या संचालकांना त्याची गरज आहे.

म्हसवडचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. चेतना गाला-सिन्हा यांनी मुंबई विद्यापीठातून अर्थशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलं आणि माणसारख्या दुष्काळी तालुक्यात राहायला गेल्या. तिथल्या म्हसवडला 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. सभासद बाया निरक्षर, अंगठे उठवणाऱ्या, म्हणून परवान्याचा पहिला अर्ज नाकारला गेला होता. त्या बाया मुंबईला रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्राशिवाय करून दाखवावा, असं म्हणाल्या. परवाना मिळाला. अर्थशास्त्रातली असममित माहिती, पतपुरवठ्यातलं तारण, बचतीची प्रवृत्ती ही सगळी प्रकरणं त्या एका बँकेत पाहायला मिळतात.

पत्रकारिता आणि कायदा या दोन वाटा उरल्या. मराठी वृत्तपत्रांना आणि वाहिन्यांना अर्थसंकल्प, महागाई, वित्त आयोग समजून सांगणारा माणूस सतत हवा असतो, आणि तो मिळत नाही. पुण्याच्या भारतीय अर्थविज्ञानवर्धिनीची ‘अर्थबोधपत्रिका’ मराठीतून हे काम करते. तिच्यातला एक लेख आणि त्याच विषयावरची इंग्रजी वृत्तपत्रातली बातमी शेजारी ठेवून वाचली, तर लिहिण्याचा सराव कसा करायचा ते कळतं. कायद्याची तीन वर्षांची पदवी अर्थशास्त्रानंतर घेतली, तर स्पर्धा कायदा, करव्यवहार आणि दिवाळखोरीची प्रकरणं यांत दोन्ही विषय लागतात. भारतीय स्पर्धा आयोगाकडे तर अर्थतज्ज्ञांची स्वतंत्र शाखाच आहे.

जो आता दुसऱ्या वर्षात आहे, त्याला एक काम सांगतो. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर राष्ट्रीय पाहण्यांची कुटुंबनिहाय आकडेवारी, नावं काढून, फुकट मिळते. श्रमशक्ती पाहणीतली महाराष्ट्राची कुटुंबं घ्यावीत, ग्रामीण स्त्रियांपैकी 21 आणि 92 या संकेतांकांत किती पडतात ते वयोगटांनुसार काढावं आणि दहा पानांचा अहवाल मराठीत लिहावा. आर फुकट आहे, शिकवण्या स्वयम पोर्टलवर आहेत, कॉलेजच्या संगणक खोलीत हे एका सत्रात होतं. मुलाखतीला जाताना गुणपत्रिकेबरोबर तो अहवालही न्यावा.